परतीच्या आधीचे दोन दिवस : कोल्हापूरकरांचे अनुभव

परदेशातून आलेल्या तरुण मंडळींना घरचे आणि गल्लीतले लोक विमानात कसे वाटले, जेवणाचे काय केले आणि थंडी किती होती, एवढे हमखास विचारतात. परतीच्या आधीचे दोन-तीन दिवस कसे गेले, हे मात्र कोणीच विचारत नाही. गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांच्या आणि खेळाडूंच्या दौऱ्यांच्या तयारीच्या बैठकांना बसतो. पहिल्या आठ दिवसांचा कार्यक्रम तासातासाने आखलेला असतो आणि शेवटच्या दोन दिवसांच्या रकान्यात 'खरेदी व आवराआवर' एवढेच लिहिलेले असते, हे मी प्रत्येक वेळी पाहिले आहे. माझा अनुभव असा की दौऱ्यात जे काही घडायचे असते ते बहुधा याच रिकाम्या रकान्यात घडते. म्हणून गटाने परदेशी जाऊन आलेल्या कोल्हापूरकरांना, आणि ज्यांची मुले जाऊन आली त्यांनाही, फक्त त्या शेवटच्या दिवसांविषयी लिहिण्याची विनंती करीत आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको आणि सोबत्यांची नावेही नकोत. काय घडले ते सविस्तर लिहावे.

शिवाजी पेठ, फुटबॉल खेळाडू, तेव्हा वय १६

आमचा संघ २०१९ च्या जुलैमध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात गोथिया कप खेळायला गेला होता. १९७५ पासून भरणाऱ्या या मुलामुलींच्या स्पर्धेला जगभरातून दीड हजारांहून अधिक संघ येतात, हे आम्हांला आधीच सांगितले होते. त्या संघांना शहरातल्या शाळांमध्ये उतरवतात, बाके बाजूला सारून एकेका वर्गात अख्खा संघ गाद्या टाकून झोपतो, हे मात्र तिथे पोहोचल्यावरच कळले. गटात पहिले दोन आलेले संघ 'अ' बाद फेरीत जातात आणि बाकीचे 'ब' बाद फेरीत, त्यामुळे गटात मागे पडलेल्या संघालाही आणखी एक सामना मिळतोच. आम्ही गटात तिसरे आलो आणि 'ब' फेरीचा पहिलाच सामना गुरुवारी दुपारी २-१ असा हरलो. विमान रविवारी सकाळचे होते. म्हणजे खेळ संपला होता आणि हातात अडीच दिवस उरले होते.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. इथला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांपैकी कोणते नाव तोंडात आहे त्यावरून माणसाची पेठ ओळखता येते, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घराघरांत दोन दिवस आधीपासून वातावरण तापते. आमच्या संघात वेगवेगळ्या पेठांतली मुले एकत्र केली होती. त्यांतल्या दोघांचे आदल्या हंगामातल्या एका सामन्यापासून बोलणे बंद होते आणि गुरुवारपर्यंत ते एकमेकांना पाससुद्धा देत नव्हते. एक मोकळा उभा असला तरी दुसरा चेंडू मागे खेळायचा. सरांनी समजावून पाहिले, दम देऊन पाहिले, पण काही उपयोग झाला नाही. खरे सांगायचे तर तो सामना आम्ही हरलो त्यात याचाही वाटा होता.

जुलैमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. गुरुवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर झोप येईना म्हणून आम्ही शाळेच्या मागच्या पटांगणात गेलो, तर शेजारच्या वर्गात उतरलेली नॉर्वेची मुले तिथे अनवाणी खेळत होती. त्यांनी हातानेच या म्हणून खुणावले. दोन्हीकडची मुले मिसळून बाजू पाडल्या, पंच नव्हता आणि गोलखांब म्हणून चार चपला ठेवल्या होत्या. नशिबाने आमचे ते दोन पठ्ठे एकाच बाजूला आले. पहिली पंधरा मिनिटे नेहमीचाच प्रकार चालला. मग त्यांच्यातल्या एकाला नॉर्वेच्या मुलाने सुंदर पास दिला, त्याने गोल केला आणि आनंदाच्या भरात जो पहिला जवळ आला त्याला मिठी मारली. तो नेमका दुसरा निघाला. दोघेही जरासे ओशाळले, एवढेच. मात्र त्यानंतर चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. त्या दिवशी किती गोल झाले ते कोणी मोजले नाही.

शुक्रवारी सगळीकडे जर्सी बदलण्याची धांदल सुरू झाली. तिथे ती पद्धतच आहे. आमच्या जर्सी मंडळाच्या होत्या आणि परत जमा करायच्या होत्या, त्यामुळे आमची पंचाईत झाली. मग उद्घाटनाच्या संचलनासाठी नेलेले फेटे बाहेर काढले. नॉर्वेच्या गोलरक्षकाला मी फेटा बांधून दिला आणि त्याच्याकडून हातमोजे घेतले. फेटा एकदा सुटला की आपल्याला पुन्हा बांधता येणार नाही, हे त्याच्या लक्षात आले असावे, कारण शनिवारी सकाळी तो फेटा घालूनच नाश्त्याला आला आणि दुपारी अंतिम सामने बघायलाही तसाच गेला.

रविवारी पहाटे निघताना वर्ग झाडून, बाके जागच्या जागी लावून द्यायची होती. ते काम आम्ही मन लावून केले. फक्त वर्गाची किल्ली सापडेना. सगळ्यांच्या बॅगा दोनदा उपसल्या, गाद्या उलट्या करून पाहिल्या. शेवटी सरांनी शाळेच्या रखवालदाराला ५०० क्रोनर भरून दिले आणि आम्ही बस गाठली. सर विमानतळापर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

राजारामपुरी, वास्तुरचनेची विद्यार्थिनी, तेव्हा वय २२

आमच्या महाविद्यालयाच्या अभ्यास दौऱ्यात रोम, व्हेनिस आणि शेवटी फ्लॉरेन्स होते. डिसेंबरचे दिवस होते. शेवटच्या दिवशी दुपारपासून मोकळीक होती आणि चौतीसपैकी बहुतेकजण सान लोरेंझोच्या बाजारात चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे घ्यायला गेले. मीही अर्धा तास तिथे होते. त्या गल्लीत शिरताच नाकाला जो वास आला तो आपल्या चप्पल लाइनचाच होता, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मला घरची आठवण झाली. इटलीतली शिल्पे पाहून झाली नव्हती ती कमावलेल्या कातड्याच्या वासाने झाली, याची जरा गंमत वाटली.

आम्ही सहाजण मात्र ट्रामने कासिने बागेकडे निघालो. त्यामागे कारण होते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. इंग्लंडमधील मुक्काम आटोपून परत येत असताना वाटेत ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे २० होते. फ्लॉरेन्स त्या काळी इटलीच्या राजधानीचे शहर होते. परक्या देशात, परक्या धर्माच्या शहरात हिंदू पद्धतीने दहन करायचे म्हणजे खास परवानगी लागणार. ती मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी झाला. चार वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याच जागी छत्री उभारून तिच्याखाली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. ही एवढी माहिती आम्हांला होती, पण ती लहानपणी ऐकलेल्या गोष्टीसारखी होती.

बाग तीन किलोमीटरहून लांब आहे आणि छत्री अगदी पश्चिमेच्या टोकाला. पावणेपाचला अंधार पडू लागणार म्हणून आम्ही जवळजवळ पळतच गेलो. वाटेत सायकलवरच्या एका आजोबांना नकाशा दाखवला, तर त्यांनी नकाशाकडे पाहिलेच नाही. "इंदियानो?" एवढे विचारून त्यांनी सरळ हात केला. तिथल्या लोकांना आपले महाराज 'इंदियानो' म्हणून माहीत आहेत. जवळ १९७८ साली बांधलेला मोठा पूल आहे, त्याचेही नाव तेच. तिथल्या लोकांच्या तोंडी त्यांच्या स्वाऱ्या, किताब, घराणे यांतले काही उरलेले नाही, 'तो भारतीय' एवढे उरले आहे.

छत्री समोर आली तेव्हा माझ्या शेजारचा मित्र बोलला ते असे : "अगं, हे मँटचं काम आहे." चार्ल्स मँट हा मेजर आपल्याला परका नाही. टाउन हॉल बागेतली वस्तुसंग्रहालयाची इमारत त्याची, नवा राजवाडा त्याचा. दुसऱ्या वर्षाला आम्ही टाउन हॉलची मोजमापे घेतली होती, उन्हात टेप धरून उभे राहिलो होतो. फ्लॉरेन्समधल्या छत्रीचा आराखडा त्याचाच आहे आणि पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. आमच्या दहा दिवसांत जेवढे घुमट आणि कमानी पाहिल्या त्या पुस्तकातल्या होत्या. ही एकच इमारत अशी होती जिच्या भावंडांना आम्ही रोज कॉलेजला जाताना ओलांडतो.

पुतळा रंगवलेला आहे. चेहरा कोवळा आहे. आम्ही सगळे त्याच्याहून मोठे होतो, हे एकाने सहज बोलून दाखवले आणि मग थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. महाराजांनी त्या दौऱ्यात इंग्रजीत रोजनिशी लिहिली होती आणि ती १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. आम्हांलाही महाविद्यालयाने दौऱ्याची रोजनिशी लिहायला सांगितली होती. त्यात माझी शेवटच्या दिवसाची नोंद 'आज खरेदी' अशी आधीच लिहून तयार होती, कारण वही बसमध्येच जमा करायची होती. ती मी तिथे उभ्याउभ्या खोडली. एकीच्या पाकिटात अंबाबाईच्या देवळातील कुंकवाची पुडी होती. लावावे की नाही यावर आम्ही कुजबुजत बराच वेळ घालवला. स्मारकाला डाग पडेल, असे वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना शोभेल असे मत निघाले आणि पुडी तशीच परत गेली. दोघांनी अंधार पडेपर्यंत रेखाटने केली, बाकीच्यांनी मोबाइलचा उजेड धरला.

हॉटेलवर पोहोचायला उशीर झाला म्हणून आमच्या मॅडम रागावल्या. कुठे गेलो होतो ते सांगितल्यावर त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत?" कार्यक्रमपत्रिकेत ती जागा का नव्हती, हे मला अजूनही कळलेले नाही. कोल्हापूरहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या प्रत्येक गटाने तो तासभर वेगळा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागाळा पार्क; महाविद्यालयीन प्राध्यापक, गटप्रमुख

संयोजकांनी खरेदीचा उल्लेख केला म्हणून त्याची दुसरी बाजू सांगतो. पॅरिसच्या दौऱ्यात बेचाळीस विद्यार्थ्यांचे पासपोर्ट मी पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ ठेवले होते. शेवटच्या आदल्या दिवशी मात्र ते वाटावे लागले. युरोपात परदेशी पाहुण्यांना ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवरील कर परत मिळतो, परंतु त्याचा अर्ज दुकानातच भरावा लागतो आणि त्या वेळी पासपोर्ट दाखवावा लागतो. मुलांनी अत्तरे आणि घड्याळे घ्यायचे ठरवले होते. नऊ दिवस सांभाळलेले पासपोर्ट मी सकाळी दहाला वाटले आणि दुपारी दोन वाजता एका विद्यार्थ्याचा भुयारी रेल्वेत चोरीला गेला.

पुढचा दीड दिवस आम्ही दोघांनी कसा काढला, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. आधी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीची लेखी प्रत घ्यावी लागते. ती, हरवलेल्या पासपोर्टची छायाप्रत, छायाचित्रे आणि परतीचे तिकीट एवढे घेऊन भारतीय दूतावासात जायचे. तिथे नवा पासपोर्ट लगेच मिळत नाही, तर मायदेशी एकदाच परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. आमच्या सुदैवाने तो दिवस गुरुवार होता. शुक्रवारी संध्याकाळी ही गोष्ट घडली असती तर शनिवार-रविवार मध्ये आले असते. प्रत्येकाच्या पासपोर्टची छायाप्रत आणि दोन छायाचित्रे मी निघण्यापूर्वीच वेगळ्या पाकिटात ठेवली होती. या सवयीवरून सहकारी माझी थट्टा करीत असत. आता करीत नाहीत.

बाकीचा गट व्हर्सायचा राजवाडा पाहत होता तेव्हा आम्ही दोघे दूतावासातील खुर्च्यांवर बसून होतो. मुलगा गडहिंग्लजकडचा, शेतकरी कुटुंबातला. त्याने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. मी पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. खाता खाता तो म्हणाला, "सर, घरी कळवू नका. आजीनं पैसे दिलेत." त्याला ना अत्तर घ्यायचे होते ना घड्याळ. मित्रांसोबत नुसताच फिरत होता. कर परतीच्या अर्जासाठी सगळ्यांना सरसकट पासपोर्ट वाटण्याऐवजी ज्यांना खरेदी करायची आहे त्यांच्याबरोबर मीच दुकानात गेलो असतो तर हा प्रसंग टळला असता. ती चूक माझी होती आणि ती मी त्या दिवशी त्याच्यापाशी कबूल केली. त्याच्या घरी मी कळवले नाही. त्याने स्वतःच महिन्याभराने सांगितले.

ताराबाई पार्क, बँक अधिकारी, तेव्हा वय ३१

एकतिसाव्या वर्षाला तरुण म्हणावे की नाही हे संयोजकांनी ठरवावे. रोटरीच्या गट अभ्यास विनिमय योजनेत त्या काळी २५ ते ४० वयाच्या नोकरदार-व्यावसायिकांना, जे स्वतः रोटरीचे सभासद नाहीत अशांना, चार ते सहा आठवडे दुसऱ्या देशात पाठवत असत. १९६५ ला सुरू झालेली ती योजना २०१३ मध्ये बंद झाली. मी २०१० च्या मार्च-एप्रिलमध्ये उत्तर इंग्लंडला गेलो होतो. हॉटेल नसते, स्थानिक कुटुंबांकडे राहायचे असते. दर संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभेत उभे राहून कोल्हापूरची ओळख करून द्यायची. रंकाळा, पन्हाळा, गूळ, कुस्ती हे मी इतक्या वेळा सांगितले की शेवटी शेवटी मलाच ते पाठ केलेल्या कवितेसारखे वाटू लागले.

१४ एप्रिलला निरोपाचा समारंभ झाला. यजमान काका-काकूंनी भेटवस्तू दिल्या, मी भाषण केले, सगळ्यांचे डोळे पाणावले. विमान शुक्रवारी १६ तारखेला होते. गुरुवारी दुपारी बातमी आली की आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे ब्रिटनचे आकाश विमानांना बंद करण्यात आले आहे. आकाश बंद होते ही कल्पनाच आम्हांला नवीन होती, कारण वर पाहावे तर लख्ख निळे दिसत होते. मग आम्ही बॅगा घेऊन त्याच घरी परत गेलो. इतका गहिवरून निरोप घेतलेल्या माणसांसमोर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे राहणे किती अवघडल्यासारखे असते, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

पाच दिवस उड्डाणे बंद राहिली, २० तारखेच्या रात्री सुरू झाली आणि आमचा नंबर लागायला आणखी तीन दिवस गेले. त्या आठ दिवसांत एकही सभा नव्हती. मी सकाळी काकांबरोबर बागेतले तण काढायचो, दुपारी काकूंबरोबर बाजारात जायचो. उरलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा एकदा रस्सा केला. काकांनी एक घास खाल्ला, दुधाचा पेला रिकामा केला आणि परत ताट पुढे केले. पाचव्या की सहाव्या दिवशी, भांडी पुसताना, काकूंनी त्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली. तो तीन वर्षांत घरी आला नव्हता, फोनही करीत नव्हता. पाच आठवडे मी ज्या खोलीत झोपत होतो ती त्याची होती. भिंतीवरच्या क्रिकेटच्या बक्षिसांबद्दल मी पहिल्याच दिवशी विचारले होते तेव्हा त्या हसून "माझ्या मुलाची" एवढेच म्हणाल्या होत्या. विमाने वेळेवर सुटली असती तर मी तेवढेच ऐकून कोल्हापूरला आलो असतो, आणि अहवालात यजमान कुटुंब अतिशय आनंदी होते असे लिहिले असते.

दुसऱ्यांदा निघालो तेव्हा समारंभ झाला नाही. काकांनी गाडी काढली, काकूंनी वाटेत खायला डबा दिला.

मंगळवार पेठ, तेव्हा वय १९

सगळेच इतके छान लिहीत आहेत म्हणून लिहावे की नको असे झाले होते. आमचा सिंगापूरचा दौरा शेवटच्या रात्री भांडणाने संपला. आम्ही अकराजणांनी प्रत्येकी वर्गणी काढून एक सामाईक पाकीट केले होते. त्यातून टॅक्सी आणि पाण्याच्या बाटल्यांचा खर्च व्हायचा. शेवटच्या रात्री हिशेब केला तेव्हा चाळीस डॉलर कमी निघाले. वही ज्याच्याकडे होती त्याने दोन दिवस काही लिहिलेच नव्हते. आधी चेष्टा, मग टोमणे आणि मग तीन वर्षांपूर्वीची उसनवारी निघाली. विमानात शेजारी-शेजारी बसून आम्ही पाच तास एकमेकांकडे न बघता आलो. पुढे कळले की ते चाळीस डॉलर एका आजारी मुलाच्या औषधाला गेले होते, आणि ते ज्याने दिले त्याला सगळ्यांसमोर सांगायचे नव्हते. त्यांतले दोघे अजूनही मिरजकर तिकटीला समोरासमोर आले तर एक जण रस्ता ओलांडतो. दौऱ्यावर जाणाऱ्यांनी हिशेब रोजच्या रोज करावा, रात्री कितीही झोप आली तरी.

उचगाव, लेझीम पथकातील, तेव्हा वय २०

फ्लॉरेन्सचा अनुभव वाचून मला आमचा वॉर्सातील शेवटचा दिवस आठवला. २०२५ च्या उन्हाळ्यात आमचे लेझीम आणि मर्दानी खेळांचे पथक पोलंडमधील एका लोककला महोत्सवाला गेले होते. कार्यक्रम संपवून परतीच्या विमानासाठी वॉर्सात आलो. मोंते कास्सिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूर संस्थानाच्या नावाचे एक स्मारक २०१७ पासून आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे जाऊन अभिवादन केल्यामुळे ते आता आपल्याकडेही माहीत झाले आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना, त्यांत बायका-मुलेच जास्त, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात आसरा मिळाला होता.

आम्ही ओळीने उभे राहून फोटो काढले. मग आमच्यातल्या एकाने विचारले, "वळिवड्याची छावणी म्हणजे नक्की कुठे गं?" मी उचगावची, म्हणजे शेजारचीच. मी सांगितले, पोलिश लोक गेल्यावर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथेच वसवले, ते आजचे गांधीनगर. एवढे बोलले आणि मीच थबकले. आमच्या सगळ्यांच्या अंगावरच्या नऊवारी आणि सदऱ्यांचे कापड, फेट्यांची ठाणे, एवढेच काय, महोत्सवात पोलिश यजमानांना भेट दिलेले रुमालसुद्धा आम्ही गांधीनगरच्या घाऊक बाजारातून आणले होते. दोन दिवस घासाघीस करून आणले होते. ज्या मातीवर त्यांची मुले शाळेत गेली तिथूनच घेतलेले कापड आम्ही त्यांच्या देशात नाचवले, आणि दहा दिवसांत एकाही निवेदनात हे सांगितले नाही, कारण आम्हांलाच ते सुचले नव्हते. निवेदन मी करीत होते. तो सल मला अजून आहे. पथकप्रमुख दादा म्हणाले, "पुढच्या वर्षी सांगू." पुढच्या वर्षीचे निमंत्रण दुसऱ्या पथकाला गेले. त्या पथकाच्या ताईंना मी निवेदनाचा तो भाग लिहून दिला आहे.

शिवाजी पेठ, एका खेळाडूची आई

सर, आपण पालकांनीही लिहावे असे म्हटलेत म्हणून लिहिते. वर पहिला अनुभव ज्याने लिहिला आहे त्याच संघात माझा मुलगा होता. बोलणे बंद असलेल्या दोघांपैकी एक तोच. हे मला आज वाचून कळले. घरी येऊन त्याने एवढेच सांगितले होते की बटाटे फार खावे लागले.

ती मंडळी मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाली आणि सकाळी कावळा नाक्यावर उतरली. आम्ही आया पहाटे साडेपाचपासून डबे घेऊन उभ्या होतो. मुलगा खाली उतरला तो आधी मला दिसलाच नाही, कारण त्याच्याबरोबर दिलबहारकडचा तो दुसरा मुलगा होता आणि दोघे एकाच पिशवीचा एकेक बंद धरून चालत होते. त्या मुलाच्या आईची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनीही बहुतेक तेच पाहिले असावे. आम्ही दोघी एकमेकींना ओळखत होतो ते स्टेडियमच्या वेगवेगळ्या बाजूंना बसून.

बॅग उघडली तेव्हा आत ओले मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणलेले होते. चार दिवस बांधलेले ओले मोजे उघडणे काय असते ते आयांनाच ठाऊक. नाकाला पदर लावून ते बादलीत टाकले तर खणकन आवाज झाला. उजव्या मोज्यात एक किल्ली होती, तिला निळा प्लॅस्टिकचा बिल्ला आणि त्यावर एक आकडा. पटांगणात अनवाणी खेळायला जाताना वर्ग याने बंद केला होता आणि हरवू नये म्हणून किल्ली काढलेल्या मोज्यात ठेवली होती. त्यानंतर ते मोजे कोणी बघितलेच नाहीत. बॅगा दोनदा तपासल्या म्हणे, पण त्या पिशवीला हात लावण्याची कोणाची हिंमत झाली नसणार.

यांनी सरांना फोन केला. सर आधी दोन मिनिटे हसले आणि मग त्यांनी शाळेचा पत्ता पाठवला. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन मी टपाल कचेरीत गेले. परदेशी पाकिटावर आत काय आहे आणि त्याची किंमत किती, ते लिहावे लागते. खिडकीवरच्या ताईंनी विचारले, "आत काय?" मी म्हटले, "शाळेची किल्ली." त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग मुलाकडे पाहिले. "किंमत?" एका किल्लीची काय किंमत लिहायची ते मला सुचेना. शेवटी मी शंभर रुपये लिहिले. तेवढ्यात मुलगा माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "आई, सरांनी तिचे पाचशे क्रोनर भरलेत."